आप्पांचा लेफ्ट आउट

जून आला आणि समोरच्या गाड्यांच्या खिडक्यांना पुन्हा झेंडे लागले. काळा, लाल, पिवळा. प्लास्टिकच्या काडीवर बसवलेले, काचेत अडकवायचे आणि गाडीनं वेग घेतला की फडफडणारे. यंदाची स्पर्धा शेजारच्या दोन देशांत आहे आणि तीही युरोपपुरतीच, पण जर्मनीतल्या आमच्या रेगेन्सबर्गला त्याचं काही पडलेलं नाही. बेकरीत फुटबॉलसारखे दिसणारे पाव आलेत. खालच्या मजल्यावरचे हेर श्मिड, म्हणजे श्मिडसाहेब, आज सकाळी शिडीवर चढून बागेत दिव्यांची माळ लावताना दिसले. मला बघून म्हणाले, "मग, संध्याकाळी येताय ना मॅचला?" मी म्हणालो, "बघू." ते "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, "बघू" म्हणाले आणि माळेची गाठ सोडवत बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी आप्पांना विचारलं होतं.

रस्त्याकडेची लिंडनची झाडं फुललीत. गोड, जरा जडच वाटणारा वास असतो तो, आणि इथले लोक त्याबद्दल फार हळवं होऊन बोलतात. मला तो आला की खिडकी लावून घ्यावीशी वाटते. लावून घेतोही. मग खोलीत उकडतं, म्हणून पुन्हा उघडतो. असा माझा जून चालला आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात एका हायस्कुलात पी.टी.चे सर होते, आणि त्याच्याही आधीपासून पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारे खेळाडू. कोल्हापुरातला फुटबॉल बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले, हेच आधी लोकांना खरं वाटत नाही. पेठेपेठेचा संघ, आणि मॅच हरली की दोन पेठांतले व्याही एकमेकांशी आठवडाभर बोलत नाहीत. अशा गावात, अशा माणसाच्या घरात मी जन्मलो आणि मैदानावर एकदाही गेलो नाही. मला धूळ सोसायची नाही, शिट्ट्या सोसायच्या नाहीत. मॅचच्या संध्याकाळी माझा गणिताचा क्लास असायचा; नसला तर मी लावून घ्यायचो. आप्पा त्यावर कधी चिडले नाहीत. "पोरगं हुशार हाय," एवढंच ते सगळ्यांना सांगायचे.

आणि आप्पांचं एक दैवत होतं. इंग्लंडचा एक लेफ्ट आउट. त्याचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर वाचणारा उठून ते इंटरनेटवर शोधेल आणि मी जे केलं तेच करेल. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावात तो जन्मला. बाप खाणीत. कोवळ्या वयात क्लबात भरती झाला आणि उभं आयुष्य त्याच एका क्लबात काढलं. देशाकडून खेळला, लोकांनी खांद्यावर घेतला, एक मोठी फायनल हरला, मग गुडघा गेला आणि खेळ संपला. त्यानंतर त्यानं आपल्याच गावात खेळाच्या सामानाचं छोटं दुकान टाकलं. इतकं मोठं नाव झालेला माणूस गिऱ्हाइकाच्या पायाला बुटाचं माप घेत बसायचा, याचं आप्पांना कोण कौतुक.

आप्पांनी त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. तालमीला पलटणीतून निवृत्त झालेले एक कोच होते, त्यांच्या ट्रंकेत इंग्रजी खेळमासिकांचे जुने अंक होते. शाळकरी आप्पा शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायचे. एका पानावर त्या लेफ्ट आउटचा फोटो होता: चिखलात माखलेला, एक पाय हवेत, तोंड वेडंवाकडं. त्या फोटोसारखा पाय टाकायला ते आरशासमोर शिकले, असं आई सांगते. पुढे शॉर्टवेव्हवर घरघरणाऱ्या आवाजात शनिवारचे निकाल ऐकणं आलं, वर्तमानपत्रातली चार ओळींची कात्रणं आली. एवढ्या सामग्रीवर आप्पांनी निवृत्तीनंतर त्या माणसाचं चरित्र लिहायला घेतलं. मराठीत, हातानं, फुलस्केप वहीत.

मी तेव्हा इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो. विश्वचषक जर्मनीत आला त्या उन्हाळ्यात मी आई-आप्पांना तीन महिन्यांसाठी बोलावलं. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन फरफ्लिश्टुंगस्एर्क्लेरुंग नावाचा एक कागद करावा लागतो. या दोन माणसांची इथे असेपर्यंत सगळी जबाबदारी माझी, असं त्यावर सही करून कबूल करायचं. मी सही केली, शिक्का मारून घेतला आणि मोठा मुलगा झाल्याच्या थाटात बाहेर आलो. तो कागद अजून फाइलीत आहे. परवा काहीतरी शोधताना हाताला लागला, तेव्हा तसाच उलटा करून ठेवला.

आले त्या दिवशी आप्पा खाली बेलच्या पाटीपाशी थांबले. पाटीवर माझं नाव आणि आडनाव.

"मधलं नाव न्हाई?" त्यांनी विचारलं.

"इथे नसतं, आप्पा. कुणी लावत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि बॅग उचलली.

वर आल्यावर मी कौतुकानं माझा छापून आलेला पहिला पेपर दाखवला. त्यातलं एक अक्षर त्यांना कळणार नव्हतं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, तिथेही मधलं नाव नव्हतं, आणि पुन्हा "बरं" म्हणाले. मी त्यांना चहा विचारला.

वही त्यांनी हातातल्या पिशवीतून आणली होती. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, वर सुतळी. "सामानात टाकली तर हरवंल," म्हणून विमानात मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी उजाडायच्या सुमारास ते बाल्कनीत बसायचे. जूनमध्ये इथे उजेड फार लवकर होतो, त्यामुळे मी उठायचो तेव्हा त्यांची तीन-चार पानं झालेली असायची. स्वेटर, मफलर, चष्मा कपाळावर, ओठ हलतायत. मध्येच थांबून ते समोरच्या झाडाकडे बघायचे. आई आतून म्हणायची, "अहो, चहा गार होतोय," आणि ते म्हणायचे, "आलो, एवढा कॉर्नर मारून आलो."

एकदा मी त्यांना इंटरनेटवर त्या खेळाडूची जुनी फीत लावून दिली. काळीपांढरी, दीड-दोन मिनिटांची, फाटक्या आवाजाची. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी त्याला पळताना पाहिलं. ते खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." मी परत लावली. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "ह्यो तर उजव्या पायानंपण मारतोय." मग जरा हसून, "माझ्या वहीतला जरा बुटका हाय."

मी हसलो. त्यांचं म्हणणं काय होतं ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं, लॅबमध्ये माझी रिअॅक्शन चालू होती.

हेर श्मिड कार कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, बागेत रमणारे. इकडे प्रत्येक खेड्याच्या फुटबॉल क्लबात म्हाताऱ्यांचाही एक संघ असतो, आल्टे हेरन म्हणतात त्याला. श्मिड त्यात परवापरवापर्यंत लेफ्ट बॅक खेळायचे. त्यांना इंग्रजीचे चार शब्द येत होते, आप्पांना जर्मनचा एकही नाही. तरी आई-आप्पा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी खाली गेलो तर दोघं बागेतल्या टेबलावर बाटल्यांची बुचं मांडून बसलेले. आप्पा एक बूच डाव्या कडेनं सरकवत होते, श्मिड दुसरं आडवं घालत होते. "या, या," म्हणजे हो, हो, श्मिड म्हणायचे. "न्हाई, न्हाई, असं आत घे की," आप्पा म्हणायचे. मग दोघांनी पँटी वर करून एकमेकांना गुडघ्यांवरचे व्रण दाखवले. आप्पांच्या गुडघ्यावर एवढा मोठा व्रण आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कशाचा, ते विचारलं नाही. श्मिडनी विचारलं, तर आप्पांनी त्यांना हातवारे करून पाच मिनिटं सांगितलं आणि त्यांना ते कळलंही.

आता मी मूळ गोष्टीवर येतो. येववत नाही, पण येतो.

आप्पांना माझ्याकडून प्रस्तावना हवी होती. त्यासाठीच ते आले होते, असं आता मला वाटतं. विश्वचषकाचं निमित्त होतं. कोल्हापुरात एक छापखानावाला पुस्तक काढायला तयार होता. आप्पा म्हणाले, "तू वाच. मग दोन पानं लिही. तू डॉक्टर व्हणार, तुझं नाव असलं म्हंजे वजन येतं." आणखी एक बेत होता. इंग्लंडची एक मॅच न्युर्नबर्गला होती, आमच्यापासून रेल्वेनं तासाभरावर. तिकिटं आम्हाला कुठली मिळायला. "आत न्हाई गेलो तर न्हाई," आप्पा म्हणाले, "भाईर उभारू. एवढी इंग्लंडची माणसं येणार. म्हातारा आला तर आला. लांबनं वही दावायची." म्हातारा म्हणजे त्यांचा तो लेफ्ट आउट; तो येणार नव्हता, हे मला माहीत होतं. पण चला म्हणालो. वही आधी वाचून होऊ दे म्हणालो.

त्या आठवड्यात माझ्या थीसिसचं दुसरं प्रकरण परत आलं होतं. इथे गाइडला डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरेटचा बाप. या बापाला लाल पेनची फार हौस. माझ्या प्रत्येक पानाच्या समासात त्यांनी एकच शब्द लिहिला होता: क्वेले? म्हणजे हे कुठून घेतलंस, संदर्भ काय. एका ठिकाणी तर मी स्वतः केलेल्या प्रयोगापुढेही लिहिलं होतं. मी आठवडाभर मान खाली घालून ग्रंथालयात बसलो, एकेका वाक्याला आधार शोधत. अपमान गिळला. आणि मग आप्पांची वही घेऊन विद्यापीठातल्या माझ्या टेबलावर बसलो, आणि खिशातून लाल पेन काढलं.

तीन दिवस मी ती वही वाचली. वाचली कसली, तपासली. बाजूला इंटरनेट उघडं. आप्पांनी लिहिलं होतं, त्याची आई भाजी विकायची आणि मॅचच्या दिवशी रिकामी पाटी घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहायची. मी शोधलं: आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. लाल खूण. आप्पांनी लिहिलं होतं, मैदानाच्या मागे पाण्याची टाकी होती आणि त्याची पहिली किक त्या टाकीवर आपटली. तिथे टाकी नव्हती, चर्च होतं. लाल खूण. फायनलच्या दिवशी धो धो पाऊस पडत होता: ऊन होतं. हाफटाइमला कोचनं सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि त्यानंतर तो रडत रडत खेळला: असा उल्लेख कुठेच नाही, संदर्भ? शेवटच्या प्रकरणात त्याच्या मुलाविषयी दोन पानं होती. मी बघितलं तर त्याला दोन मुली, मुलगा नाहीच. समासात लिहिलं, चूक.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला चांगलं काम करायची सवय. मी एक तक्ता तयार केला. पान, ओळ, चूक, बरोबर माहिती, संदर्भ. सुबक टाइप करून, छापून, स्टेपल मारून. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. आठवडाभर दुसऱ्यानं माझी जी सालपटं काढली होती, ती मी काढत होतो. आणि ज्याची काढत होतो तो माणूस उलटून बोलणारा नव्हता.

न्युर्नबर्गच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मी वही आणि तक्ता आप्पांसमोर ठेवला. आईनं बाजारातून श्पार्गेल, म्हणजे इथला शतावरीचा कोंब, आणला होता, पांढरा, जाड बोटांएवढा. जूनअखेरीला तो बाजारातून जातो म्हणून लोक वेड्यासारखा घेतात. आप्पा एक तुकडा खाऊन आईला म्हणत होते, "ह्याला मीठ लावायचं इसरलीस काय?" मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वही उघडली.

"हे लाल काय हाय?"

"चुका आहेत, आप्पा. मी सगळं तपासलं. तक्त्यात दिलंय बघा, पानांप्रमाणे."

ते एकेक पान उलटत राहिले. आई म्हणाली, "अरे, जेवू तरी दे त्यांना." आप्पांनी हातानंच तिला थांबवलं. पाण्याच्या टाकीपाशी थांबले, पावसापाशी थांबले. थोबाडीत मारल्याच्या पानावर बराच वेळ होते.

"हे कुठून घेतलंत तुम्ही?" मी विचारलं. माझा आवाज अगदी आमच्या प्रोफेसरांसारखा आला. "मासिकात होतं का? कुठल्या अंकात? चरित्र म्हटलं की प्रत्येक गोष्टीला संदर्भ लागतो. मनानं लिहून चालत नाही."

"न्हाई, बरोबर हाय तुझं," आप्पा म्हणाले. मग शेवटचं प्रकरण उघडून त्यांनी विचारलं, "त्येला खरंच मुलगा नव्हता?"

"दोन मुली आहेत. कुठेही बघा."

"मग ही दोन पानं काढाय पायजेत."

"काढा ना. तशीही ती जरा रडकी झालीयत."

"बरं." त्यांनी वही मिटली, तक्ता घडी करून आत ठेवला. "मग प्रस्तावना?"

"आधी दुरुस्त्या करा. मग बघू."

आप्पांनी ताटातलं सगळं संपवलं. श्पार्गेलसुद्धा. ताटात काही टाकायचं नाही हा त्यांचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, गुडघा धरलाय, न्युर्नबर्गला नको. मी फार आग्रह केला नाही. मला दिवस मिळाला, लॅबमध्ये गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा श्मिडच्या टीव्हीवर ती मॅच लागली होती आणि आप्पा श्मिडशेजारी बसून बघत होते. बुचं टेबलावर एका ढिगात पडली होती. त्यानंतरच्या सकाळी बाल्कनीत कोणी नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. आईला विचारलं तर म्हणाली, "झोपतात की आता उशिरापर्यंत. बरं आहे." मलाही बरं वाटलं. मी मनात म्हटलं, दुरुस्त्यांचा अभ्यास चालू असेल.

चेरी पिकल्या तेव्हा आप्पा आणि श्मिड रोज शिडी लावून त्या काढायचे. श्मिडनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "वडिलांचं पुस्तक? संपलं?" मी म्हणालो, दुरुस्त्या चालल्यात. श्मिडनी हातातली चेरीची टोपली खाली ठेवली. म्हणाले, "ते मला त्यातलं रोज दाखवायचे. आता दाखवत नाहीत." मी विचारलं, तुम्हाला मराठी कुठे येतं? ते म्हणाले, "वाचून नाही, खेळून दाखवायचे. पावसातली ती फायनल तर फारच छान. आणि ती टाकी." मला तेव्हा हसू आलं. म्हटलं, टाकी नव्हतीच तिथे. श्मिड म्हणाले, "नव्हती? पण त्यांना तर आवाजसुद्धा आठवतो." मी त्यांना संदर्भ सांगितला.

ऑगस्टमध्ये आई-आप्पा परत गेले. त्याच वर्षी डिसेंबरात आप्पा गेले. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

बाराव्यापर्यंत घरी माणसं येत होती. तालमीचे जुने खेळाडू आले, आता सगळे गुडघे धरून चालणारे. त्यांच्यात बाळूकाका होते, आप्पांच्या संघाचे गोलकीपर. पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्चीत बसून ते सांगत होते, आणि कोणी अडवत नव्हतं. "काय पाऊस म्हणायचा तो! फायनल, आणि बॉल दिसंना. हाफटाइमला कोचनं ह्याच्या थोबाडीत हाणली, सगळ्या पेठेम्होरं. गडी रडत रडत खेळला. दोन गोल टाकले, तरी हरलो. गुडघा पयल्यांदा फिरला तो तिथंच, तरी पुढं कैक वर्सं खेळतच ऱ्हायला. म्हातारी पाटी घिऊन लाइनीजवळ हुभी, मंडईतनं सरळ तिथंच यायची ती. भाजी इकली न्हाई तर पाटीसकट. पयली मॅच खेळला तवा शॉट मारला तो मागच्या टाकीवर. ठण्ण आवाज. अजून कानात हाय."

मी समोर बसलो होतो. एकेक गोष्ट मला पान नंबरसकट माहीत होती. म्हातारी म्हणजे माझी आजी, मी तीन वर्षांचा असताना गेलेली. ती भाजी विकायची एवढं माहीत होतं. ती मॅच बघायला यायची हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. खरं तर पहिल्यांदा नाही. एकदा वाचलं होतं आणि त्यावर लाल खूण केली होती.

माणसं गेल्यावर मी आईला विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुला माहीत नव्हतं?" आईला खरंच आश्चर्य वाटलं. "मी त्यांना म्हणायचे, अहो, लिहायचंच तर स्वतःवर लिहा. तर म्हणायचे, माझं कोण वाचणार? साहेबाचं म्हटलं तर निदान पोरगं वाचंल."

एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी ती रागावली असती तर बरं झालं असतं. निघताना तिनं तीच पिशवी माझ्या हातात दिली, तीच सुतळी. "घेऊन जा. तुझ्यासाठीच लिहिलं होतं."

मी ती पिशवी इथे आणून कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि दीड वर्ष तिला हात लावला नाही. थीसिस संपला. डॉक्टरफाटरनी पाठ थोपटली, म्हणाले, तुमचे संदर्भ अगदी निर्दोष आहेत. नावामागे डॉक्टर लागलं. मला कपाटातली पिशवी रोज दिसायची. आत काय आहे हे माहीत नव्हतं म्हणून घाबरत होतो असं नाही. एका पानाविषयी मला त्या बाराव्यापासूनच कळलं होतं. म्हणूनच उघडत नव्हतो.

आज श्मिडनी शिडी लावली, झेंडे फडफडले, लिंडनचा तो वास खिडकीतून आला आणि मी सुतळी सोडली. आप्पांनी एकही दुरुस्ती केलेली नाही. एकही ओळ खोडलेली नाही. ती दोन पानंही काढलेली नाहीत. तक्ता मात्र घडी घालून नीट ठेवलेला आहे, जसा मी दिला तसा. मला वाटलं होतं तो फाडलेला असेल. फाडला असता तर चाललं असतं.

शेवटचं प्रकरण उघडलं. त्यांचं अक्षर गोल, शाळेतल्या फळ्यावरचं, उजवीकडे किंचित चढत जाणारं. "त्याला एक मुलगा होता. तो फार हुशार होता. तो मैदानावर कधी आला नाही, कारण त्याला अभ्यास असायचा. त्याचं काही चुकलं नाही. पण कॉर्नरला बॉल ठेवताना हा दर वेळी एकदा गेटाकडे बघून घ्यायचा. कदाचित क्लास लवकर सुटला असेल असं त्याला वाटायचं."

समासात माझं अक्षर. लाल, तिरकं, घाईतलं. "चूक. मुलगा नव्हता. संदर्भ?"

मी ती शाई खरवडून बघितली. ब्लेडनं कागद पातळ झाला, शाई तशीच राहिली, आणि आणखी खरवडलं असतं तर पलीकडच्या पानावरचं त्यांचं अक्षर गेलं असतं. म्हणून सोडून दिलं. खालून श्मिडनी टीव्ही चालू केल्याचा आवाज आला. राष्ट्रगीत चालू होतं. त्यांनी मला हाक मारली नाही.

मी निळं पेन घेतलं आणि माझ्याच त्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं. माझं नाव, मग आप्पांचं नाव, मग आडनाव.